पंप, नळ्या आणि परवाने

मुतखडा शस्त्रक्रियेविना फोडणाऱ्या यंत्रात ‘ट्रिगर्ड स्पार्क गॅप’ नावाचा एक लहानसा स्विच असतो. साठवलेली उच्च दाबाची वीज ठरलेल्या क्षणी एकदम सोडून देणे, एवढेच त्याचे काम. त्या धक्क्याने पाण्यात उठलेली लहर शरीरातला खडा फोडते. अणुबाँबच्या गाभ्याभोवतीची स्फोटकेही एकाच क्षणी पेटावी लागतात, आणि त्यासाठीही असाच स्विच चालतो. नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांना येणाऱ्या या प्रकारच्या मालाला आंतरराष्ट्रीय व्यापारात ‘दुहेरी वापराच्या वस्तू’ म्हणतात. त्यांची यादी लांब आहे आणि बरीचशी अगदी साध्या दिसणाऱ्या वस्तूंची आहे. मॅरेजिंग स्टील नावाचे अतिकणखर पोलाद विमानाच्या भागांत आणि तलवारबाजीच्या खेळातल्या पात्यांत वापरतात. त्याच पोलादापासून युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजची नळकांडी बनतात. कार्बन फायबर सायकलींत असते, टेनिसच्या रॅकेटमध्ये असते आणि आधुनिक सेंट्रिफ्यूजमध्येही असते. व्हॅक्यूम पंप, दाब मोजणारी उपकरणे, विजेची वारंवारिता बदलणारे इन्व्हर्टर, संगणकावर चालणारे अचूक लेथ हेही त्याच यादीत येतात.

या वस्तूंवर सरसकट बंदी घालता येत नाही, कारण जगात विकला जाणारा असा बहुतांश माल खरोखरच कारखान्यांत, रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत जातो. तरीही त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात अर्थ आहे, आणि तो बाँबच्या घडणीतच दडलेला आहे. अणुबाँबचे मूळ तत्त्व आता गुपित राहिलेले नाही. अडते ते साहित्यापाशी. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये फुटण्याजोगे युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. वीजकेंद्रातल्या बहुतेक अणुभट्ट्यांना ते ३ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवावे लागते, बाँबसाठी साधारण ९० टक्क्यांपर्यंत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आपल्या हिशेबासाठी अतिसमृद्ध युरेनियममधील २५ किलो युरेनियम-२३५ किंवा ८ किलो प्लुटोनियम ही धोक्याची मात्रा धरते. इतके युरेनियम समृद्ध करायचे तर वायुरूप युरेनियम हजारो सेंट्रिफ्यूजमधून पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. प्रत्येक सेंट्रिफ्यूजचे नळकांडे मिनिटाला हजारो फेरे घेते. साधे पोलाद तो ताण सोसत नाही आणि घरात येणारी ५० हर्ट्‌झची वीज त्याला तो वेग देऊ शकत नाही. म्हणजे खास धातू हवा, खास इन्व्हर्टर हवे, गंज न धरणारे व्हॉल्व्ह हवेत, आणि हे सगळे हजारोंच्या संख्येने हवे. असा माल बनवणारे कारखाने जगात थोडे होते. या थोडेपणावरच नियंत्रणाची सारी व्यवस्था उभी राहिली.

सुरुवातीला चिंता होती ती अखंड अणुभट्ट्यांची आणि इंधनाची. १९५३ च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत ‘शांततेसाठी अणू’ ही कल्पना मांडली आणि अणुतंत्रज्ञानाची दारे बरीच सैल झाली. १९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. १९७० मध्ये अंमलात आलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या तिसऱ्या कलमाने पुरवठादार देशांना बंधन घातले: अणुसामग्री, किंवा तिच्यावर प्रक्रिया करण्यासाठी खास घडवलेली साधने, या संस्थेच्या देखरेखीची हमी असल्याशिवाय अण्वस्त्र नसलेल्या देशाला द्यायची नाहीत. ‘खास घडवलेली’ म्हणजे नेमकी कोणती, हे ठरवायला १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्लॉड झँगर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती जमली. तिची यादी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या दोन शब्दांतच पुढच्या साऱ्या अडचणींचे बीज होते. इन्व्हर्टर काही खास सेंट्रिफ्यूजसाठी घडवलेला नसतो. तो अनेक उद्योगांसाठी असतो आणि सेंट्रिफ्यूजलाही चालतो.

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरणला अणुस्फोट केला. त्यासाठीचे प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतले होते. ही भट्टी कॅनडाच्या मदतीने उभारलेली, तर तिच्यातले जड पाणी अमेरिकेने शांततेच्या कामासाठी म्हणून दिलेले होते. भारताने हा ‘शांततामय’ स्फोट असल्याचे सांगितले. पुरवठादारांना ते पटले नाही. १९७५ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, कॅनडा आणि जपान हे सात देश लंडनमध्ये बसले. अणुपुरवठादार गटाचा, म्हणजे ‘एनएसजी’चा, हा आरंभ. पोखरणची झळ महाराष्ट्राला थेट लागली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या होत्या आणि १९६३ च्या करारानुसार त्यांचे समृद्ध युरेनियम अमेरिकेतून यायचे. १९७८ मध्ये अमेरिकेने अणुप्रसाराविरुद्ध कडक कायदा केला आणि तो पुरवठा अडकला. पुढे १९८० च्या दशकात फ्रान्सने इंधन द्यायचे मान्य केले, तेव्हा तारापूरची अडचण सुटली.

एनएसजीने १९७८ मध्ये आपले नियम प्रसिद्ध केले आणि मग तेरा वर्षे त्याची सर्वसाधारण बैठकच झाली नाही. नेमक्या याच काळात सुट्या भागांचा बाजार तेजीत होता.

अब्दुल कदीर खान हे पाकिस्तानी धातुशास्त्रज्ञ १९७२ पासून नेदरलँड्समध्ये युरेनको या युरोपीय समृद्धीकरण प्रकल्पासाठी काम करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. १९७५ च्या अखेरीस ते पाकिस्तानात परतले. सोबत सेंट्रिफ्यूजच्या आराखड्यांची माहिती होती, आणि तितकीच मोलाची दुसरी गोष्ट होती: कोणता भाग कोणती युरोपीय कंपनी बनवते, याची ओळख. मग पाकिस्तानी खरेदीदार युरोपात फिरू लागले. नेदरलँड्समधल्या एका कंपनीने त्यांना कठीण पोलादाच्या ६,५०० नळ्या विकल्या. तिथल्या सरकारने नाराजी कळवली होती, पण नळ्या निर्यातबंदीच्या यादीत नव्हत्या आणि कंपनीने त्याकडेच बोट दाखवले. ब्रिटनमधून इन्व्हर्टर गेले. १९७८ मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर प्रश्न विचारला गेल्यावर इन्व्हर्टर नियंत्रित यादीत आले. खरेदीदारांनी काय केले? इन्व्हर्टरऐवजी त्याचे सुटे भाग मागवायला सुरुवात केली. त्यांतले काही कॅनडामार्गे जात असताना पकडले गेले. यादी प्रसिद्ध झाली की काय मागवायचे नाही हे खरेदीदारालाही कळते, ही यादीपद्धतीची जुनी दुखरी बाजू आहे.

व्यवस्थेला खरा हादरा बसला तो इराकमुळे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर आंतरराष्ट्रीय निरीक्षक तिथे गेले, तेव्हा करारावर सही केलेल्या या देशाचा मोठा गुप्त अणुकार्यक्रम उघडा पडला. त्यासाठीची यंत्रे चोरून आणलेली नव्हती. पाश्चात्त्य कंपन्यांकडून बऱ्याच अंशी राजरोस, पावत्यांसह घेतलेली होती. त्याच वर्षी एनएसजीचे सदस्य पुन्हा एकत्र आले आणि १९९२ मध्ये वॉर्सा येथे त्यांनी दुहेरी वापराच्या सुमारे ६५ वस्तूंची वेगळी यादी स्वीकारली. आज जगभरच्या निर्यात कायद्यांत दिसणारी अणुविषयक यादी मुळात हीच.

ही यादी नावांवर चालत नाही, आकड्यांवर चालते. प्रत्येक ॲल्युमिनियमची नळी नियंत्रित नसते. मिश्रधातू ४६० मेगापास्कल किंवा त्याहून अधिक ताण सोसण्याजोगा असेल आणि नळीचा बाहेरचा व्यास ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तरच परवाना लागतो. मॅरेजिंग स्टीलसाठी ही सीमा १,९५० मेगापास्कल आहे. इन्व्हर्टर ६०० हर्ट्‌झ किंवा अधिक वारंवारितेवर चालणारा, ४० व्होल्ट-अँपियर किंवा अधिक शक्ती देणारा आणि ०.२ टक्क्यांहून काटेकोर नियंत्रण असलेला हवा. व्हॅक्यूम पंपाचे तोंड ३८० मिलिमीटर किंवा मोठे हवे. सीमा खाली आणली तर गावोगावच्या कार्यशाळांतला माल परवान्यात अडकतो आणि तपासणाऱ्यांची टेबले फायलींनी भरून जातात. वर नेली तर कामाचा माल निसटतो. म्हणून हे आकडे वेळोवेळी बदलले जातात. ती चर्चा बरीचशी अभियंत्यांची असते, मुत्सद्द्यांची कमी.

आकड्यांच्या जरा खाली राहून खरेदी करणे हा मग साहजिक मार्ग ठरला. त्याला उत्तर म्हणून अनेक देशांनी कायद्यात सर्वसमावेशक कलम घातले. वस्तू यादीत नसली, तरी ती अण्वस्त्रासाठी जात असल्याचे निर्यातदाराला ठाऊक असेल किंवा सरकारने त्याला तसे कळवले असेल, तर परवाना घ्यावाच लागतो. या एका कलमाने जबाबदारीचा मोठा भाग सरकारी कचेरीतून कंपनीच्या विक्री विभागात नेऊन ठेवला.

विक्री विभागात काय दिसते, हे स्पार्क गॅपच्याच एका प्रकरणात कळते. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका कंपनीकडे २०० स्पार्क गॅपची मागणी आली. वापर करणारे म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोच्या मोठ्या रुग्णालयाचे नाव दिले होते. दक्षिण आफ्रिकेला हा माल पाठवायला परवाना लागत नव्हता. पाकिस्तानला पाठवायला लागत होता. रुग्णालये असे स्विच एका वेळी पाच-सहा घेतात. २०० स्विच घेणारे रुग्णालय मुतखड्यांच्या साथीला तोंड देत असले पाहिजे! दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकी अधिकाऱ्यांना खबर मिळाली होती. त्यांनी कंपनीच्या सहकार्याने पहिल्या ६६ स्विचचा हप्ता निकामी करून रवाना केला आणि त्याच्यावर नजर ठेवली. माल आफ्रिकेतून पुढे इस्लामाबादला गेला. मधल्या व्यापाऱ्याला २००४ च्या पहिल्याच दिवशी डेन्व्हरच्या विमानतळावर अटक झाली आणि पुढे शिक्षाही झाली.

या कामात उलट बाजूची चूकही होते आणि तिची किंमत फार मोठी असू शकते. २००१ मध्ये इराककडे निघालेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या जॉर्डनमध्ये पकडल्या गेल्या. व्यास ८१ मिलिमीटर, मिश्रधातू उच्च ताकदीचा. म्हणजे यादीच्या आकड्यांत त्या चोख बसत होत्या. अमेरिकी गुप्तचर खात्याने त्या सेंट्रिफ्यूजसाठी असल्याचे ठरवले. अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले सेंट्रिफ्यूजचे जाणकार मात्र साशंक होते. त्यांच्या मते नळ्यांची जाडी त्या कामाला नको तेवढी जास्त होती आणि इराककडे आधीपासून असलेल्या ८१ मिलिमीटरच्या रॉकेटांशी मापे जुळत होती. फेब्रुवारी २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत याच नळ्यांचा दाखला दिला. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद एल बारादेई यांनी त्याच परिषदेत सांगितले की त्या सेंट्रिफ्यूजसाठी असल्याचा पुरावा सापडलेला नाही. दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झाले, आणि युद्धानंतर तिथे सेंट्रिफ्यूजचा चालू कार्यक्रम सापडला नाही. वस्तूची मापे तिच्याविषयी पुष्कळ सांगतात. तिच्या मालकाच्या मनात काय आहे ते सांगत नाहीत.

त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, ‘बीबीसी चायना’ नावाचे जर्मन मालकीचे जहाज दुबईहून लिबियाकडे जात असताना इटलीतल्या तारांतो बंदरात वळवण्यात आले. त्यावरच्या पाच कंटेनरांत सेंट्रिफ्यूजचे हजारो भाग निघाले. ते मलेशियातल्या शाह आलम येथील एका कारखान्यात तयार झाले होते. कारखान्याचे म्हणणे, आपण तेल आणि वायू उद्योगासाठी दुबईच्या गिऱ्हाइकाला माल देत होतो. डिसेंबरमध्ये लिबियाने आपला अण्वस्त्र कार्यक्रम सोडत असल्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी २००४ मध्ये खान यांनी पाकिस्तानी दूरचित्रवाणीवर प्रसाराची कबुली दिली. एकेकाळी खरेदी करणारे जाळे आता विक्रेते झाले होते. त्याहून बोचणारी गोष्ट ही की मलेशिया आणि दुबई दोन्ही एनएसजीच्या कक्षेबाहेर होते. मालाचे उत्पादन, दलाली आणि जहाज बदलणे ही तिन्ही कामे जिथे निर्यात कायदा ढिला तिथे हलली होती.

म्हणून २८ एप्रिल २००४ रोजी सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव केला. एनएसजी हा ऐच्छिक गट आहे. त्याचे नियम सभासद आपापल्या कायद्यात उतरवतात आणि न पाळणाऱ्याला दंड नाही. १५४० मात्र संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील सातव्या प्रकरणाखाली केलेला, म्हणजे साऱ्या देशांवर बंधनकारक आहे. अण्वस्त्रे, त्यांची वाहक साधने आणि संबंधित माल यांवर निर्यात नियंत्रण, सीमा तपासणी आणि दलालीवर लक्ष या गोष्टी प्रत्येक देशाच्या कायद्यात असाव्यात, असे तो सांगतो. संयुक्त अरब अमिरातीने २००७ मध्ये आणि मलेशियाने २०१० मध्ये असे कायदे केले. कायदा कागदावर येणे आणि कंटेनर उघडून आतल्या नळीची मापे घेणारा माणूस बंदरात असणे, यांतले अंतर बऱ्याच देशांत अजून मोठे आहे.

भारत या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना राहिलेला देश आहे. १९८० च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवा असलेला क्रे महासंगणक अमेरिकेने लष्करी वापराच्या शंकेने नाकारला. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. नकाराने स्वावलंबन आले, ही कहाणी महाराष्ट्रात अभिमानाने सांगितली जाते आणि ती खरीही आहे. नियंत्रणाच्या अभ्यासकांसाठी तिचा अर्थ जरा गैरसोयीचा आहे: ज्या देशाकडे अभियंते आणि चिकाटी आहे त्याला परवाना नाकारून वेळ लांबवता येते, वाट बंद करता येत नाही. पण वेळ लांबणे हेही या व्यवस्थेचे उद्दिष्टच आहे.

दुसऱ्या बाजूने भारताने स्वतःची नियंत्रणे बरीच कडक ठेवली आहेत. परदेश व्यापाराच्या कायद्याखाली ‘स्कोमेट’ नावाची यादी आहे. विशेष रसायने, जीव, साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान यांचा तीत समावेश होतो. तिच्यातला शून्य क्रमांकाचा वर्ग थेट अणुसामग्रीचा. त्याचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो. दुहेरी वापराची अणुविषयक साधने चौथ्या वर्गात येतात आणि त्यांचा परवाना परकीय व्यापार महासंचालनालय, इतर खात्यांशी सल्लामसलत करून, देते. अर्जासोबत अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र लागते: माल कोण वापरणार, कशासाठी, आणि तो परवानगीविना दुसऱ्याला देणार नाही याची हमी. २००५ मध्ये महासंहारक शस्त्रांविषयी वेगळा कायदा झाला. २०२२ मधल्या दुरुस्तीने अशा कामांना पैसा पुरवणेही त्याच्या कक्षेत आले. ६ सप्टेंबर २००८ रोजी एनएसजीने भारताला खास सूट दिली, त्यामुळे अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न करताही नागरी अणुव्यापाराचा रस्ता खुला झाला. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान, वासेनार आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही नियंत्रण गटांत भारत २०१६ ते २०१८ दरम्यान सामील झाला. एनएसजीचे सभासदत्व मात्र अडलेले आहे. तिथे निर्णय सर्वसंमतीने होतात आणि करारावर सही नसल्याचा मुद्दा चीन पुढे करतो.

भारतीय बंदरांतून जाणाऱ्या परक्या मालाचा प्रश्न जानेवारी २०२४ मध्ये न्हावा शेवाला समोर आला. चीनहून कराचीकडे निघालेल्या ‘सीएमए सीजीएम अटिला’ या जहाजावरचा माल सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवला. त्यात इटालियन बनावटीचे संगणकनियंत्रित यंत्र होते. संरक्षण संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहणी केली आणि ते पाकिस्तानच्या शस्त्र कार्यक्रमात वापरता येण्याजोगे असल्याचे भारताकडून सांगण्यात आले. पाकिस्तानच्या मते तो वाहनांचे भाग बनवणाऱ्या कंपनीसाठी मागवलेला साधा लेथ होता. यंत्र तेच असताना दोन्ही म्हणणी तांत्रिकदृष्ट्या शक्य असतात. असे वाद म्हणूनच यंत्रापेक्षा कागदपत्रांवर, मागवणाऱ्याच्या पूर्वइतिहासावर आणि मालाच्या वळणावळणाच्या प्रवासावर लढले जातात.

निर्यातदारांना दिल्या जाणाऱ्या सूचनांतली संशयाची लक्षणेही त्याच धाटणीची आहेत. गिऱ्हाईक नवीन, धंदा वेगळाच आणि पैसे मात्र रोख व आगाऊ. यंत्र बसवून देणे, प्रशिक्षण, हमी यांपैकी काहीच नको. माल पोहोचवायचा पत्ता मालवाहतूक दलालाचा. मागणी यादीतल्या आकड्याच्या अगदी जवळ येऊन थांबलेली. चाकणच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या मध्यम कारखान्याकडे यासाठी वेगळा विभाग नसतो, आणि जोखीम नेमकी तिथे असते. मोठ्या कंपनीत अडवली गेलेली मागणी थोड्या दिवसांनी लहान कंपनीच्या दारात येते.

लोखंडी माल निदान दिसतो तरी. आराखडे, संगणकप्रणाली आणि प्रत्यक्ष शिकवणे यांनाही कायदा निर्यातच मानतो. नियंत्रित यंत्राचा आराखडा ई-मेलने पाठवला, परदेशातून तो सर्व्हरवर उघडू दिला किंवा परक्या अभियंत्याला कार्यशाळेत उभे करून ते काम शिकवले, तरी परवान्याचा प्रश्न येतो. खान यांनी नेदरलँड्समधून नेलेली सर्वांत मौल्यवान वस्तू याच जातीची होती आणि ती कोणत्याही बंदरात तपासणीला थांबली नाही. यातून विद्यापीठेही सुटत नाहीत. प्रकाशित, सर्वांना खुले विज्ञान नियमांबाहेर ठेवलेले आहे. पण खुले विज्ञान कुठे संपते आणि कारखान्याचे ज्ञान कुठे सुरू होते, ही रेघ प्रत्येक प्रकरणात नव्याने आखावी लागते, आणि ती आखणारा बहुधा एखाद्या खात्यातला तांत्रिक अधिकारी असतो, ज्याच्यापुढे त्या दिवशी आणखी पुष्कळ अर्ज पडलेले असतात.